डाव्या टोकाची पात

शहापूर, बेळगाव
४ जून २०२५

श्रद्धा,

एरवी मी तुला तुमचा जयजिनेंद्र म्हणते आणि तू मला आमचा जयभीम म्हणतेस. आज दोन्ही नाही.

तू तीनदा फोन केलास आणि तीनदा मी ठेवला. फोनवर मला नीट भांडता येत नाही. उपासना पलीकडच्या खोलीत बाळाला निजवत असते, सासूबाई कुणावर ओरडतायत असं तिला वाटायला नको. म्हणून हे पत्र. मष्णूचा भाजीचा टेम्पो दुपारी गावाकडं परततो, त्याच्या हाती देते. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याच हाती दे.

परवा संघर्ष बँकेतून आला तो हसतच आला. "आई, तुझ्या खात्यावर कंपनीकडनं पैसे आल्यात गं. अकरा दिवसाची मजुरी." त्याला वाटलं मी खूश होईन. मी त्याला म्हटलं, ज्या वाटेनं आले त्या वाटेनं परत धाड. धाडले.

मजुरी. हा शब्द तू माझ्यासाठी लिहिलास?

माझी सासू तुझ्या सासूच्या रानात तीस वर्षं रोजगारानं गेली. संध्याकाळी तुमच्या अंगणाबाहेर उभी राहायची आणि वरून टाकलेले पैसे ओंजळीत झेलायची. आमच्या ह्यांनी माळाकडचं तीस गुंठे रान घेतलं, त्या साली तू बांधावर आलीस. नवी नवरी होतीस, डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, "अंजनाक्का, पैरा करूया का? एक दिवस तुम्ही माझ्यात, एक दिवस मी तुमच्यात." तुमच्या घरातल्या बाईनं आमच्या घराशी पैरा केल्याचं गावानं तोवर पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर मी सासूला सांगितलं तर ती चुलीपुढे बसून रडली. तुला मी हे कधी बोलले नाही.

मी डावखुरी. माझ्या शेजारी तण भांगलायला बायका बसायच्या नाहीत, खुरपं लागतंय म्हणायच्या. तू मला डाव्या टोकाची पात, अगदी कडेची ओळ दिलीस आणि माझ्या उजव्या हाताला स्वतः बसलीस. एकोणीस वर्षं आपण तशाच बसलो.

मार्चमध्ये सुनेच्या बाळंतपणाला इकडं आले तेव्हा माझे अकरा दिवस तुझ्याकडं फिटायचे राहिले होते. ते तू माझ्या रानात येऊन फेडायचेस, बँकेतून नाही. गरज सरो, वैद्य मरो. आणि मष्णू सांगतो, उसाच्या भांगलणीला माझ्या पातीवर हल्ली तुझी ती रचना मॅडम बसते. आयत्या बिळावर नागोबा. बसू दे.

अंजना


तळेमाळ, ता. निपाणी
११ जून २०२५

अंजनाक्का, जयभीम.

तू म्हटलं नाहीस तरी मी म्हणणार.

पैसे परत आले. ऑडिटवाल्याला आता त्याचंही कारण सांगावं लागेल. आक्का, चूक झाली, पण मुद्दाम नाही केली. जानेवारीपासून माझं रान आम्हा बायकांच्या शेती-कंपनीत गेलं. तू तोडणीला आलीस ते दिवस कंपनीच्या वहीत पडले. त्या वहीत मजुरीला रकाना आहे, पैऱ्याला नाही. ऑडिटवाला विचारत होता, "ही अंजनाबाई अकरा दिवस फुकट का राबली?" त्याला मी पैरा समजावून सांगायला लागले तर तो घड्याळ बघायला लागला. मग लिहिलं मजुरी. 

तुला वाटतं मी अध्यक्ष झाले म्हणून बदलले. तूच आठव, गेल्या वर्षी संकेश्वरच्या बाजारात आपली दोन-दोन पोती घेऊन बसलो होतो. व्यापाऱ्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तीन रंगांची मिरची काढून दाखवली आणि भाव पाडला. तू त्याला म्हणालीस, "मिरची झोंबत न्हाय वाटतं हाताला." तो हसला, पण भाव दिला नाही. म्हणून हा खटाटोप. बत्तीस बायका, बावीस एकर, सगळीकडं एकच बी, एकाच आठवड्यात लावण. कोल्हापूरचा मसालेवाला म्हणतो, सगळी मिरची एकसारखी द्या, गाडी बांधावर आणतो. म्हणून यंदा घरोघरी रोपांचे तरवे टाकले नाहीत. ओढ्याकाठी हिरवी जाळी ताणून एकच मोठी रोपवाटिका केली आहे. गाडीभर ट्रे आहेत, आत गेलं की हिरवंगार दिसतं.

रचनाचं म्हणशील तर ती कंपनीनं नेमलेली पोरगी, शेतीची पदवी घेऊन आली आहे, पण तिच्या तळहाताला पहिल्याच दिवशी फोड आले आणि तिनं उसाचे दोन कोंब छाटले. मी म्हटलं, अंजनाक्का असती तर तुला बांधावर उभं केलं असतं. ती तुझ्याबद्दल सारखं विचारते.

दोन गोष्टी मागते. तुझं तीस गुंठे यंदा कंपनीत दे. कृष्णातदाजी एकटे आहेत, त्यांनाही सोपं पडेल. आणि ते द्यायचं नसेल तर नको देऊ, पण एकदा येऊन आमची रोपं बघून जा. पदवी आहे, पुस्तक आहे, औषध आहे, सगळं आहे. तुझी नजर नाही.

तुझी
श्रद्धा


शहापूर, बेळगाव
२० जून २०२५

श्रद्धा,

रान देणार नाही. यांनी घरच्या बियाचा तरवा मेमध्येच टाकला आहे, आमच्या तीस गुंठ्याला तो पुरतो. माझ्या सासूनं राखलेलं बी आहे ते. तुझ्या गाडीभर ट्रेमध्ये त्याला जागा नसेल.

इथं सगळं बरं आहे. सकाळी उठलं की गल्लीत मागांचा खडखडाट सुरू होतो, बाळाला त्याचीच सवय झाली आहे, रविवारी माग बंद असले की ते रडतं. काल उपासनाबरोबर खडेबाजारात गेले होते. एका दुकानात वर्तमानपत्राच्या कागदात जिरे बांधून दिले. घरी येऊन पुडी सोडली तर कागदावर तू. शाल, नारळ, पाहुण्यांच्या शेजारी उभी. आणि अंगावर आपली जांभळी साडी.

दोन वर्षांपूर्वी त्याच खडेबाजारात आपण एकाच ताग्यावरच्या दोन घेतल्या होत्या. ठरलं होतं की नेसायच्या तर एकाच दिवशी. माझी अजून घडीत आहे. फोटोत तुझ्या डावीकडं ती मुलगी उभी आहे, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात ओळखपत्र. माझ्या जागेवर माणूस उभं बघून काय होतं ते तुला कळायचं नाही, तुझी जागा कुणी घेतलेली नाही. उपासनानं विचारलं, "आत्या, मैत्रीण ना तुमची?" मी म्हटलं, ओळखीची आहे.

होय, पोटात दुखतंय माझ्या. लिहूनच टाकते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

रोपं बघायला यायला जमणार नाही. बाळाला सर्दी आहे. आणि मी कशाला हवी? बघणारी आहे की तुझ्याकडं, चष्मा लावून.

अंजना


तळेमाळ
१२ जुलै २०२५

अंजनाक्का, जयभीम.

साडीचं चुकलं. सकाळी अचानक निरोप आला की पाहुणे येतायत, आणि कपाटात इस्त्रीची तेवढी एकच होती. पण मला आठवायला हवं होतं.

लावण झाली. बावीस एकर आठ दिवसांत. अशी लावण या गावानं पाहिलेली नाही. बत्तीस जणी एका ओळीत, एकीनं सुरू केलं की सगळ्या गायला लागायच्या. मालुबाई तर म्हणाली, "आता आपल्यास्नी कोण थांबवत न्हाय." मधे एकदा, लावणीच्या आदल्या आठवड्यात, माझा जीव फार टांगणीला लागला होता. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग आपोआप मिटलं. कसं मिटलं ते भेटल्यावर सांगेन, तुला ऐकायला आवडेल.

बाळाची सर्दी कशी आहे? नाव काय ठेवलं ते कळव.

तुझी
श्रद्धा


तळेमाळ
१० ऑगस्ट २०२५

अंजनाक्का,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणापाशी बोलता येत नाही.

बोकड्या आला. एका रानात नाही, सगळ्या रानांत. पानं आकसून वर वळली, शेंडे गोळा झाले, झाडं हातभर व्हायची ती वीतभर राहिली. औषधं मारून झाली. रोग रोपातूनच आला आहे, असं तपासायला आलेल्या साहेबांनी सांगितलं. पूर्वी एकीचा तरवा गेला तर दुसरी आपल्यातली मूठभर रोपं द्यायची, कुणाचं रान पडून राहायचं नाही. यंदा सगळ्यांची रोपं एकाच जाळीतून गेली, तेव्हा द्यायला कुणापाशी काही नाही. मोठं करायला निघाले, तर रोगही मोठाच केला मी.

काल जयाबाई दारात येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "वैनी, तुमच्या शब्दावर घरचं बी ह्या वर्षी खाऊन टाकलं आम्ही." आणि गेली.

रचना खोलीत दार लावून बसली होती. पोरगी चोवीस वर्षांची आहे. एक तुला सांगायचं राहिलं होतं. ती डावखुरी आहे, म्हणून तिला डाव्या टोकाला बसवलं होतं. मधे बसली की शेजारणीला तिचं खुरपं लागायचं. दुसरं काही नव्हतं त्यात.

तुमच्या रानावरून रोज जाते. कडेनं मक्याच्या दोन ओळी आणि आत हिरवीगार मिरची. सगळ्या शिवारात तेवढाच तुकडा उभा आहे. आक्का, खोटं कशाला बोलू, तिथून जाताना मी मान वळवते. तुला हेवा वाटला तो फोटोचा. मला तर तुझ्या झाडांचा वाटतोय.

दाजींच्या तरव्यात काही रोपं उरली असतील का? त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अंजनालाच इच्यारा." आणि दुसरीकडं बघायला लागले.

श्रद्धा


शहापूर, बेळगाव
१४ ऑगस्ट २०२५

श्रद्धा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

मी आले होते. २५ जूनला. बाळाला सर्दी वगैरे काही नव्हती. मष्णूला म्हटलं, मला ओढ्यापाशी सोड आणि गावात बोलू नकोस. तू निपाणीला मीटिंगला गेली आहेस हे त्याच्याकडूनच कळलं होतं, म्हणून तोच दिवस धरला. तुझं बिघडलेलं बघायलाच मी आले होते. तुझं काही बिघडलेलं नसतं तर मी तशीच जळत परत गेले असते.

जाळीचं दार उघडून आत गेले. पहिल्या दोन रांगा बघून वाटलं, छान आहेत. खरंच छान होत्या. तिसऱ्या रांगेत खाली बसले आणि पान उलटं केलं. कडा वर यायला लागल्या होत्या. चौथ्या रांगेत तेच, पाचवीत तेच. उभ्यानं दिसत नव्हतं, खाली बसणाऱ्यालाच दिसलं असतं.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. आत कुठंतरी गार झालं. म्हटलं, आता कळेल पदवीला, आता कळेल शालीला. फोन माझ्या पिशवीत होता. तुला एवढंच सांगायचं होतं की लावू नकोस. मी दार ओढून घेतलं, दोरी बांधली आणि निघाले.

अजून पुढचं आहे. तिथून घरी गेले आणि यांना म्हटलं, मडक्यात उरलेलं सगळं बी काढा आणि विहिरीमागं दुसरा तरवा टाका, कुणाला दाखवू नका. हे म्हणाले, "आपल्याला काय करायच्यात एवढी रोपं?" मी म्हटलं, लागतील. तू रडत माझ्या दारात येशील आणि मी तुला देईन, ते चित्र मी डोळ्यांपुढं धरून ठेवलं होतं. तू जांभळी साडी नेसून यायचीस त्यात. बेळगावला परतताना टेम्पोत मी तेच बघत होते. लाज वाटते लिहायला, पण खरं हेच आहे.

बत्तीस घरांचं तोंड माझ्या चित्रात नव्हतं. जयाबाईचं तर नव्हतंच. तिच्या घरचं बी मी आणि तिनं मिळून वाळवलंय कितीदा.

तू लिहिलंस की ती मुलगी डावखुरी आहे. ते वाचून मी जिन्यात जाऊन बसले. उपासनानं विचारलं, काय झालं. मी तिच्याकडं कागद मागितला.

रोपं आहेत. शेंडे खुडून यांनी रोखून धरली आहेत. पाच एकराला होतील, बावीसला होणार नाहीत. उशिराची लावण आहे, उतारा कमी येईल, पण येईल. आधी सगळी रोगट झाडं उपटून जाळा, नाहीतर हीही जातील, आणि प्रत्येक रानाच्या कडेला मका टाका, किडीला आडकाठी होते. पैसे पाठवू नकोस. मजुरी, दान, मदत, कसलाच रकाना काढू नकोस.

बायकांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

अंजना


तळेमाळ
१७ ऑगस्ट २०२५

अंजनाक्का,

मष्णूनं पत्र दिलं तेव्हा मी जळक्या झाडांच्या ढिगापाशी उभी होते. तिथंच वाचलं.

तू आली होतीस हे मला माहीत होतं.

तुझी गाठ. आम्ही सगळ्या उजवीकडून बांधतो, तुझी उलटी पडते. एकोणीस वर्षं तुझ्या हातच्या पेंढ्या सोडल्यात मी, मला ती ओळखू येणार नाही? मीटिंगहून आले आणि दारावर ती दोरी दिसली.

आता माझं ऐक. त्याच्या दोन दिवस आधी ती वळलेली पानं मीही पाहिली होती. रचनाला दाखवली. ती म्हणाली, "उन्हानं असेल, पण मला खात्री नाही, लावण पुढं ढकलूया." पोरगी बरोबर बोलत होती. पण मसालेवाल्याला तारीख दिली होती, बायकांना तारीख दिली होती, फोटो छापून आला होता. लावण थांबवली तर गाव म्हणेल, झेपत नव्हतं तर कशाला उड्या मारल्या. दोन दिवस मला घास गिळवला नाही.

मग तुझी गाठ दिसली. मी तिथंच खाली बसले, एवढं हलकं वाटलं. म्हटलं, आक्का येऊन बघून गेली. रागात आहे म्हणून भेटली नाही, पण बघून गेली. आणि काही बोलली नाही, म्हणजे रोपं ठीक आहेत. वाईट असती तर ती बोलल्याशिवाय राहिली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लावणीचा निरोप फिरवला.

जुलैत मी लिहिलं होतं की भेटल्यावर सांगेन, तुला आवडेल. ते हेच होतं.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. मलाही कुणी करू नये. काल देवळापुढच्या कट्ट्यावर बायकांना बोलावून दोघींचंही सांगितलं, तुझं आणि माझं. पानं पाहूनही मी निरोप फिरवला, हे आधी सांगितलं. रचनाचं नाव त्यातून काढलं.  जयाबाई म्हणाली, "रोपं घ्यायची. पर अंजनानं फिटवायचं." सगळ्या हो म्हणाल्या. पाच एकर बत्तीस जणींत वाटलं, एकेकीला जेमतेम सहा-सात गुंठे. पुढच्या वर्षी पुन्हा घरोघरी तरवे, आणि तुमच्या बियातलं थोडंथोडं प्रत्येकीला. मसालेवाला थांबला तर थांबेल.

तेव्हा पैरा असा ठरला आहे. एकेकीच्या रानात एकेक दिवस भांगलायला यायचं. बत्तीस दिवस. माझ्याही वाट्याला तेवढेच लावलेत, आणि ते बरोबर आहे. कुणी तुझ्याशी बोलेल, कुणी बोलणार नाही. कुणी शेजारी बसेल की नाही ते मी सांगू शकत नाही.

गुरुवारी लावण आहे, माझ्या रानापासून सुरू. रचनाला मी उजवीकडं माझ्या पलीकडं बसवेन, तिचं खुरपं लागलं तर मला लागेल. डावं टोक मोकळं ठेवते. बुधवारी मष्णूच्या टेम्पोनं ये. ओढ्यापाशी उतरू नकोस, चावडीपाशी उतर.

श्रद्धा

जाळी काढून टाकली. दारावरची ती दोरी मात्र अजून तशीच आहे. मी सोडणार नाही, तू येऊन सोड.